‘लेझर केलं’ म्हणजे नेमकं काय केलं?



या अंकात आमच्याकडून खोडव्यातल्या पाचटाविषयी किंवा बेणेमळ्याविषयी चार शब्द येतील, अशी आपली अपेक्षा असणार. ते पुढच्या अंकात येतीलच. या खेपेला मात्र विषय डोळ्यांचा आहे आणि तो आम्ही मुद्दाम घेतला आहे. गेल्या दोन हंगामांत गट कार्यालयात लागणीची नोंद द्यायला येणारा सभासद उसाचं काम झाल्यावर उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतो, “साहेब, पोरगं लेझरनं चष्मा घालवायचा म्हणतंय. करू द्यावं का?”

आम्ही शेतकी पदविका घेतलेली माणसं. डोळ्यांचे डॉक्टर नव्हे. करा किंवा करू नका, असं सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण ज्यांनी करून घेतलं त्यांना विचारणं आणि ते काय म्हणतात ते नीट ऐकणं, एवढं कोणालाही जमतं. तेवढं आम्ही वर्षभर केलं. त्यातून आमचं एक मत बनलं आहे, ते सभासदांपुढे ठेवावं म्हणून हा लेख.

जामसरच्या ओसरीवर

सुरुवात झाली ती जामसरपासून. गेल्या जुलैत टोळीच्या कामासाठी शेती खात्याच्या मंडळींबरोबर त्र्यंबक-मोखाड्यावरून जव्हार तालुक्यात जाणं झालं. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक टोळ्या दुसरीकडच्या आहेत, पण एक छोटी टोळी जामसरच्या एका पाड्यावरची आहे. पाऊस धो धो कोसळत होता, नागलीची लावणी चालू होती. मुकादमाच्या ओसरीवर चहा घेत बसलो होतो. कोपऱ्यात त्याची म्हातारी आई सूप घेऊन तांदूळ निवडत होती. निवडत होती म्हणजे बोटांनी चाचपत होती.

आम्ही विचारलं, “आजी, डोळे दाखवले का?”

“दाखवले ना. डाव्याचं लेझर केलं. वरीसभर बरं दिसलं, मंग मोतीबिंदू परत आला. आता उजव्याचं काय करायचं नाय.”

मुकादमानं पुढचं सांगितलं. पाड्यावर आणखी तिघा म्हाताऱ्यांना मोतीबिंदू आहे. शिबिराची गाडी आली तेव्हा तिघांनीही आजींकडे बोट दाखवलं आणि परत फिरले. गाडी रिकामी गेली.

आता यातली गंमत बघा. आजींचं लेझर झालंच नव्हतं. कागद काढून पाहिला तर मोतीबिंदूची साधी शस्त्रक्रिया होती, छोटा छेद घेऊन आत कृत्रिम भिंग बसवलेलं. आणि मोतीबिंदू परतही आला नव्हता. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. मात्र नवं भिंग ज्या पातळ पिशवीत ठेवतात, तिचा मागचा पडदा काही जणांत महिन्यांनी किंवा वर्षांनी गढूळ होतो. त्यावर उपाय असतो तोच खरा लेझरचा! त्याला याग लेझर म्हणतात. टाका नाही, छेद नाही, दुखत नाही. दिव्यासमोर हनुवटी टेकवून बसायचं, पाच-दहा मिनिटांत त्या पडद्याला मधोमध खिडकी पडते आणि उजेड आत जातो. आपल्याच एका सभासदाचं असंच झालेलं आम्हाला माहीत होतं, म्हणून हे लक्षात आलं.

म्हणजे जे झालं नाही ते झालं म्हणून सांगितलं गेलं, जे करायला हवं होतं त्याचं नावही कोणी घेतलं नाही, आणि एका माणसाच्या अर्धवट कळलेल्या अनुभवावर तिघांनी उजेडाकडे पाठ फिरवली. परतीच्या वाटेवर आमच्या डोक्यात हेच घोळत होतं. आपल्या गावांत तरी वेगळं काय आहे?

एक शब्द, चार कामं

लोकांच्या तोंडी ‘लेझर’ हा एकच शब्द आहे. कामं मात्र चार आहेत. ती सुटी करून घेतल्याशिवाय कोणाचा अनुभव कोणाला लागू पडतो हे कळायचं नाही. खोडव्याचा खताचा हिशोब आडसालीला लावून चालत नाही, तसंच हे.

पहिलं, मोतीबिंदू. आपल्याकडचे बहुतेक मोतीबिंदू लेझरनं काढत नाहीत. बिनटाक्याची जी ‘फेको’ म्हणतात, ती ध्वनिलहरींची करामत आहे. अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स केलमन यांनी ती 1967 साली आणली आणि कल्पना त्यांना सुचली दातांच्या डॉक्टरकडच्या ध्वनिलहरींच्या यंत्रावरून. हातानं छोटा छेद घेऊन करायची रीतही तितकीच पक्की आहे. मोठ्या शहरांत काही ठिकाणी मोतीबिंदूच्या कामातले काही टप्पे लेझरनं करतात, त्याचे पैसे जास्त पडतात. पण तेच केलं तरच चांगलं दिसेल असं मुळीच नाही. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या शेतकरी घरातून आलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांत लाखाहून अधिक मोतीबिंदू काढले आणि त्यांना 2008 साली पद्मश्री मिळाली. त्यामागे कमाई हाताच्या कसबाची आहे. तेव्हा “लेझरनं नाही केलं तर डोळा जाईल” असं कोणी म्हणालं, तर दुसरीकडे विचारून घ्यावं.

दुसरं, वर सांगितलेलं याग लेझर.

तिसरं, साखरेच्या आजारातलं पडद्याचं लेझर. साखर पिकवणाऱ्या आपल्या गावांत रक्तातली साखर वाढलेली माणसंही थोडी नाहीत. मधुमेहात डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. तिथं लेझरचे ठिपके देऊन पुढची हानी थोपवतात. आपल्या एका ज्येष्ठ सभासदानं हे तीन बैठकांत करून घेतलं. ते म्हणाले, “डोळ्यापुढं नुसते काजवे चमकत होते. मधे मधे कळ यायची. एवढं करून नजर होती तेवढीच राहिली. पैसे पाण्यात गेले.” आमचं म्हणणं असं, की पैसे पाण्यात गेले नाहीत, बांध फुटायचा वाचला. हे लेझर बहुधा गेलेली नजर परत आणण्यासाठी नसतं, आहे ती राखण्यासाठी असतं. क्वचित त्यानं अंधारातलं आणि कडेचं दिसणं थोडं कमीही होतं. हे आधी कोणी बसवून सांगितलं असतं, तर या सभासदाची नाराजी झाली नसती. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी चांगलं दिसत असलं तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. दिसायचं कमी होईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

चौथं, चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर. पोरं विचारतात ते हे.

टर्कीच्या हाडापासून बुबुळापर्यंत

या चौथ्या लेझरमागे आपल्याकडचाच एक माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. रंगास्वामी श्रीनिवासन. जन्म 1929, शिक्षण मद्रासला. न्यूयॉर्कजवळ आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात ते काम करत. 1981 च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणातला उरलेला टर्की पक्षी त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्याच्या हाडा-मांसावर एक्सायमर नावाचं लेझर मारून पाहिलं. कड अशी स्वच्छ कापली गेली, की आजूबाजूला जळल्याची खूण नाही. कारण हे अतिनील किरणांचं लेझर जाळत नाही, ते पदार्थाचे बारीक बंध तोडून थर उडवून देतं. पुढं डोळ्यांचे डॉक्टर स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर हे काम डोळ्याच्या पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर, 1983 साली नेण्यात आलं. श्रीनिवासन आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांना 2013 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळालं.

काम काय होतं? पारपटल मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं. लासिकमध्ये त्याचा वरचा, साधारण एक दशांश मिलिमीटरचा पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटा करतात, खालचा थर लेझरनं नंबराप्रमाणे तासतात आणि पान परत मिटतात. एका नंबराला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडं जास्त तासावं लागतं. दुसरी रीत पापुद्रा न करता वरची नाजूक साल काढून तासायची, तिला पीआरके म्हणतात. तिच्यात चार-पाच दिवस त्रास जास्त होतो. तिसरी स्माईल, तिच्यात छोट्या छेदातून आतली चकती ओढून काढतात. तिन्हींत एक गोष्ट सारखी. तासलेलं परत लावता येत नाही. एकदा उतरवलेली माती जशी शेतात परत बसत नाही, तसंच.

ज्यांनी केलं ते काय म्हणतात

आपल्या गटातल्या सात जणांशी आम्ही बोललो. सातही नावं आमच्यापाशीच राहतील.

टेबलावरचा अनुभव बहुतेकांचा सारखा. थेंब टाकून डोळा बधिर करतात, सुई नाही. पापणी मिटू नये म्हणून चाप लावतात. मग डोळ्यावर दाब येतो, काही क्षण सगळं काळं होतं. “तेवढ्यात घाबरलो, वाटलं गेला डोळा,” असं तिघे म्हणाले. आधी सांगून ठेवलेल्या दोघांना मात्र भीती वाटली नाही. मग दिव्याकडे बघत राहायचं, चटचट आवाज, केस जळल्यासारखा वास. एकूण काम पंधरा-वीस मिनिटांचं. घरी येताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी गळतं. पापुद्र्याची रीत असेल तर झोपून उठल्यावर दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ लख्ख दिसतं.

एका सभासदाची मुलगी, तिला मोठा उणे नंबर होता. ती म्हणाली, “काका, पहिल्यांदा आंघोळ करताना मला स्वतःच्या पायाची नखं दिसली.” हे वाक्य आम्ही विसरणार नाही. चष्मा नसलेल्यांना ह्याची किंमत कळायची नाही. तेव्हा हा लेख लेझरच्या विरोधात आहे असा कोणी अर्थ काढू नये. सातांपैकी सहा जण म्हणतात, परत वेळ आली तर परत करू.

पण दुसरीही बाजू आहे. आपल्या एका सभासदाचा मुलगा हंगामात ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले होते. कसं आहे, विचारलं. “एक नंबर!” म्हणाला. महिन्यानं परत विचारलं, तेच उत्तर. एका रात्री वजनकाट्याच्या रांगेत त्याच्याशेजारी बसलो होतो, समोरून ट्रक आला आणि त्यानं मान बाजूला केली. तेव्हा तोंड उघडलं. “साहेब, खरं सांगू? दिव्याभोवती चक्रं दिसतात. समोरच्याचा डिपर आला की दोन सेकंद कायपण दिसत नाय.” मागं दोन ट्रॉल्या आणि वीस टन ऊस घेऊन, रात्री दोन वाजता, सायकलवाल्यांच्या रस्त्यावर हा पोरगा चालला होता.

“डॉक्टरांना सांगितलंस का?”

“त्यांनी विचारलं, दिसतंय ना चांगलं? मी म्हटलं, हो. एवढे पैसे घालून परत रडगाणं कुठं गायचं?”

बंधूंनो, हे उत्तर आम्हाला नवं नाही. शेताच्या बांधावर साहेब म्हणून उभं राहिलं की ऊस नेहमी ‘झकास’ असतो. खरं काय ते संध्याकाळी पारावर कळतं, की हुमणीनं कोपरा बसवला आहे आणि सरीत पाणी चढत नाही. विचारणारा कोण आणि विचारलं कसं, यावर उत्तर ठरतं.

आणि हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या अन्न व औषध प्रशासनानं तिथल्या सैन्यदलाच्या साह्यानं लासिक करून घेतलेल्या 574 लोकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2017 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोक नजरेबद्दल समाधानी होते. रोजच्या कामात फार अडचण येते असं म्हणणारे शंभरात एकही भरत नव्हते. हे झालं चांगलं. पण ज्यांना आधी दिव्याभोवती चक्र, झळाळी, दुहेरी दिसणं असं काहीच नव्हतं, त्यांच्यातल्या शंभरातल्या 43 ते 46 जणांना तीन महिन्यांनी यापैकी काहीतरी नव्यानं जाणवत होतं. ज्यांचे डोळे आधी कोरडे नव्हते, त्यांच्यापैकी शंभरात 28 पर्यंत लोकांना कोरडेपणाचा त्रास सुरू झाला होता. आणि सर्वांत महत्त्वाचं, नजरेच्या तक्रारी लोकांनी डॉक्टरांना तोंडी जितक्या सांगितल्या, त्याच्या दुपटीहून जास्त प्रश्नावलीच्या कागदावर लिहिल्या.

शिकलेली, पगारदार, सैन्यातली माणसंसुद्धा डॉक्टरपुढे “ठीक आहे” म्हणतात. मग आमच्या ट्रॅक्टरवाल्या पोराला काय नावं ठेवायची? त्याला आम्ही बळेच परत पाठवलं. डॉक्टरांनी तपासलं, कोरडेपणासाठी थेंब दिले, काही दिवस रात्रीची गाडी बंद सांगितली. चार-पाच महिन्यांत चक्रं पुष्कळ कमी झाली. पूर्ण गेली नाहीत. पण आता तो ते लपवत नाही आणि रात्रपाळी दुसऱ्याकडे देतो.

उसातले डोळे वेगळे

आता आमचा खरा मुद्दा. शहरातल्या माणसाचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू नाही, कारण आपले डोळे उसात असतात.

उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते हे कोणाला सांगायला नको. भरणीच्या वेळी, पाचट काढताना, तोडीला, पातं डोळ्याला लागतंच. लासिकमधला तो पापुद्रा मिटतो, पण मूळच्यासारखा मजबूत जुळत नाही. पुढे काही वर्षांनीसुद्धा जोराचा मार बसला तर तो सरकल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. म्हणून कुस्ती-मुष्टियुद्धासारखे खेळ खेळणाऱ्यांना पुष्कळदा पापुद्रा नसलेली रीत सुचवतात. आमच्या सातांपैकी एकानंही डॉक्टरांना “मी उसात काम करतो” हे सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलंही नव्हतं. मोबाइल किती बघता, हे मात्र विचारलं होतं!

म्हणून आमचं पहिलं सांगणं: धंदा सांगा. ऊस, पाचट, धूळ, रात्रीचा ट्रॅक्टर, आखाड्यात जाणं, सगळं सांगा आणि कोणती रीत योग्य ते विचारा. दगदगीचा हंगाम तोंडावर असताना शस्त्रक्रिया ठेवू नका. पुढचे काही आठवडे धूळ आणि डोळा चोळणं टाळायचं असतं.

दुसरं सांगणं: नाही म्हणणारा डॉक्टर चांगला समजा. अठरा वर्षांच्या आत, नंबर वर्षभर स्थिर नसताना, पारपटल पातळ असेल किंवा शंकूसारखं पुढे येत असेल, साखर ताब्यात नसेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर हे करत नाहीत. माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा सांगणारा आणि तपासण्यांशिवाय तारीख देणारा, दोघांपासूनही दूर राहावं.

तिसरं: चाळिशी चुकत नाही. आज दूरचा नंबर गेला तरी चाळिशी ओलांडल्यावर वाचायला चष्मा लागतोच, कारण तो दोष आतल्या भिंगाचा आहे. आम्ही स्वतः चाळिशी नाकावर ठेवूनच हा लेख लिहीत आहोत. ‘आयुष्यभर चष्मा नको’ अशी जाहिरात दिसली तर हे आठवावं.

चौथं: भरती. पोलीस, सैन्य, रेल्वे यांच्या भरतीसाठी म्हणून पुष्कळ पोरं घाई करतात. काही पदांना ही शस्त्रक्रिया चालते, काहींना चालत नाही, आणि जिथं चालते तिथंही वयाच्या आणि मधे जाऊ द्यायच्या मुदतीच्या अटी असतात. त्या त्या वर्षीची जाहिरात वाचून मगच पाऊल उचलावं. पैसे घालून अपात्र ठरलेला पोरगा बघवत नाही.

पाचवं: लग्न. मुलीचा चष्मा उतरवल्याशिवाय स्थळ पुढे सरकत नाही म्हणून बापानं ऊसबिलातून दोन्ही डोळ्यांचा खर्च केला, हेही आम्ही पाहिलं. मुलीला स्वतःला हवं असेल तर आनंद आहे. पाहुण्यांना हवं म्हणून मुलीच्या डोळ्यावर यंत्र चालवायचं, हे आम्हाला पटत नाही. चष्मा हा दोष नाही. तो एक साधा, स्वस्त आणि परत काढून ठेवता येणारा उपाय आहे.

पात्यानं डोळा लागला तर

लेझर केलेलं असो वा नसो, हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं. पातं लागलेल्या डोळ्यात दूध, मध, एरंडेल, झाडपाल्याचा रस काही घालू नका. औषधाच्या दुकानातून ‘लाली जायचे थेंब’ विचारून आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं आणि जखमेत बुरशी शिरलेली असली, तर डोळा हातचा जातो. झाडापाल्यानं झालेल्या जखमेत बुरशीचा धोका मोठा असतो. स्वच्छ पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नेपाळातल्या भक्तपूर जिल्ह्यात खेड्यातल्या आरोग्य सेवकांकडून खरचटलेल्या डोळ्यांत वेळेवर प्रतिजैविक मलम घालून पाहिलं. पुढचे व्रण जवळजवळ टळले, असं 2001 साली प्रसिद्ध झालं. मलम मोठं नव्हतं, वेळ मोठी होती.

कारखान्यानं काय करावं

काही सभासद म्हणतील, डोळे ज्याचे त्याचे, कारखान्याचा काय संबंध? संबंध आहे. उसाची नोंद आपण ठेवतो, वाहनाची ठेवतो, त्या वाहनापुढं बसलेल्या डोळ्यांची ठेवत नाही. मा. संचालक मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत.

एक, बॉयलर पेटण्याआधी प्रत्येक गटात वाहनचालकांची, तोडणी मजुरांची आणि इच्छुक सभासदांची नेत्रतपासणी व्हावी. मोतीबिंदू सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय कार्यक्रमात विनामूल्य काढता येतो. त्यासाठी कोणी उचल घेऊ नये.

दोन, तोडणी मजुरांना साधे संरक्षक चष्मे द्यावेत. पण ते आणण्याआधी मजुरांनाच घालून बघायला द्यावेत. घामानं धूसर होतो म्हणून खोपीत टांगून ठेवलेला चष्मा डोळा वाचवत नाही.

तीन, गट कार्यालयात एक वही ठेवावी. ज्यानं डोळ्याचं काही करून घेतलं त्यानं, मर्जी असेल तर, नेमकं काय केलं, आधी काय सांगितलं गेलं, महिन्यानं कसं होतं आणि सहा महिन्यांनी कसं आहे, एवढं लिहावं. नाव हवं तर लिहावं, नको तर नको. नवी जात लावताना आपण शेजाऱ्याला नुसतं “कशी आहे?” विचारत नाही. उगवण किती, फुटवे किती, तुरा कधी, खोडवा कसा, हे विचारतो. डोळ्याच्या बाबतीत एवढं तरी विचारायला शिकलं पाहिजे.

जामसरच्या आजींना मुकादमानं पावसाळा संपताच नेऊन दाखवलं. मागचा पडदाच गढूळ होता. लेझर झालं, खरंखुरं. यंदा टोळी आली तेव्हा त्यानं सांगितलं, की आई पुन्हा डोळ्यांनी बघून तांदूळ निवडते आणि उजव्या डोळ्याची तारीखही घेतली आहे. तिघा म्हाताऱ्यांपैकी दोघे तयार झाले. तिसरे अजून नाही म्हणतात. त्यांची अडचण लेझरची नव्हतीच. शेळ्या कोण बघणार, ही होती. इतके दिवस कोणी विचारलं नव्हतं, म्हणून कोणाला कळलं नव्हतं.

सभासदांनी आपली मतं आणि अनुभव आपापल्या गट कार्यालयात किंवा ऊस विकास विभागाकडे कळवावेत. चांगले कळवावेतच, पण चक्रं दिसत असतील तर तेही कळवावं.

कळावे,
ऊस विकास अधिकारी